अणू विसरतात का? सापळ्यातल्या वायूंची गोष्ट

मागच्या व्याख्यानात आपण तापमान म्हणजे नेमकं काय ते पाहिलं होतं. व्याख्यान संपल्यावर एका श्रोत्यांनी विचारलं, "सगळ्या गोष्टी शेवटी समतोलाला येतातच का?" आम्ही घाईत होतो, "हो, येतातच" असं सांगून मोकळे झालो. हे उत्तर पाठ्यपुस्तकात शोभेल असं आहे, पण पूर्ण खरं नाही. आज त्याच उत्तराची दुरुस्ती करायची आहे. ती करता करता गेल्या वीस-पंचवीस वर्षांत भौतिकशास्त्रात घडलेला एक महत्त्वाचा अध्यायही पाहून होईल.

सुरुवात नेहमीच्या अनुभवापासून करू. कपात गरम चहा ओतला, तासाभराने तो खोलीइतका गार झाला. चहा सुरुवातीला उकळता होता की कोमट, त्यात साखर आधी घातली की नंतर, हे गार चहाकडे बघून सांगता येत नाही. तापमान, घनफळ, साखरेचं प्रमाण असे दोन-चार आकडे उरतात, बाकीचा इतिहास पुसला जातो. समतोलाला येणं म्हणजे सुरुवात विसरणं. आजच्या व्याख्यानापुरती हीच व्याख्या धरून चालू.

आता अडचण बघा. चहा आपला इतिहास कपाला, हवेला, टेबलाला देऊन टाकतो. पण आजूबाजूला काहीच नसेल तर? एखादी वस्तू जगापासून पूर्ण तोडून ठेवली तर ती स्वतःची सुरुवात विसरेल का? पुंजयांत्रिकीचं, म्हणजे क्वांटम मेकॅनिक्सचं, उत्तर स्पष्ट आहे: नाही. बंद प्रणालीची अवस्था ज्या नियमाने पुढे जाते तो उलटाही चालवता येतो. आजची अवस्था पूर्ण माहीत असेल तर कालची काढता येते, काहीही पुसलं जात नाही. मग तापमान येतं कुठून?

हा प्रश्न जुना आहे. १८७६ मध्ये लोश्मिट यांनी बोल्ट्झमन यांच्यासमोर याच धाटणीचा आक्षेप ठेवला होता: एकेका कणाचे नियम मागे-पुढे सारखेच चालत असतील, तर त्यांच्या जमावाला एकच दिशा कशी मिळते? पुढे शंभरेक वर्षं हा वाद कागदावरच राहिला, कारण तपासायला खरोखर एकटी पडलेली वस्तू कुणाकडे नव्हती.

एकटं पाडलेलं द्रव्य

ती वस्तू १९९५ मध्ये मिळाली. अमेरिकेत कोलोरॅडोतल्या बोल्डर इथे एरिक कॉर्नेल आणि कार्ल वीमन यांच्या गटाने रुबिडियमचे अणू १७० नॅनोकेल्विनच्या आसपास थंड केले. नॅनोकेल्विन म्हणजे एका अंशाचा अब्जावा भाग. त्या तापमानाला सुमारे दोन हजार अणू एकाच क्वांटम अवस्थेत जाऊन बसले. अशा अवस्थेला बोस-आइन्स्टाइन कंडेन्सेट म्हणतात. त्यातला 'बोस' म्हणजे आपले सत्येंद्रनाथ बोस. १९२४ मध्ये ढाक्याहून त्यांनी आइन्स्टाइन यांना जो निबंध पाठवला, त्यात या कल्पनेचं मूळ आहे. काही महिन्यांतच वोल्फगांग केटर्ले यांनी सोडियममध्ये कंडेन्सेट केलं, आणि २००१ चं नोबेल या तिघांना मिळालं.

हे थंड करणं कसं होतं ते दोन वाक्यांत सांगतो. आधी समोरून येणाऱ्या लेसरच्या प्रकाशाने अणूंचा वेग कमी करतात. मग त्यांना चुंबकीय किंवा प्रकाशाच्या सापळ्यात धरून सगळ्यात चपळ अणू बाहेर निसटू देतात, की उरलेले आणखी थंड होतात, अगदी बशीतल्या चहाची वाफ जाऊन चहा निवतो तसे.

आपल्या प्रश्नासाठी या वायूचे तीन गुण महत्त्वाचे. पहिला: तो उत्तम निर्वातात, नुसत्या प्रकाशाच्या किंवा चुंबकीय क्षेत्राच्या आधाराने तरंगतो. कुठल्याही भांड्याची भिंत त्याला लागत नाही, म्हणून इतिहास देऊन टाकायला शेजारीच नाही. दुसरा: तो हवेच्या सुमारे लाखपट विरळ आणि अतिशय थंड असल्यामुळे त्यात सगळं सावकाश घडतं. धातूमधले इलेक्ट्रॉन ज्या गोष्टी सेकंदाच्या अब्जाव्या भागाच्याही आत उरकतात, त्या इथे मिलिसेकंदांत होतात आणि कॅमेऱ्याने टिपता येतात. तिसरा: अणू एकमेकांना किती जोरात ढकलतात, किती मोकळे फिरू शकतात, हे बाहेरून बदलता येतं, आणि तेही अचानक.

या 'अचानक'वरच आजचं सगळं व्याख्यान उभं आहे. वायू शांत बसलेला असताना एका क्षणात परिस्थिती बदलायची. कालची शांत अवस्था आजच्या नियमांत शांत राहत नाही, ती हलू लागते. मग फक्त बघायचं, की हे हलणं शेवटी कुठे जाऊन थांबतं. लोहार तापलेलं लोखंड पाण्यात बुडवतो, तसलाच हा झटका.

गेलेलं चित्र परत आलं

२००२ मध्ये म्युनिकला इमॅन्युएल ब्लॉख, मार्कुस ग्राइनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असा झटका दिला. त्यांनी लेसरच्या उभ्या लहरींनी अंड्यांच्या ट्रेसारखी खळग्यांची जाळी केली. जाळी उथळ असताना अणू सगळीकडे पसरलेले असतात. एखाद्या खळग्यात किती अणू आहेत याचा एक आकडा नसतो, शून्य, एक, दोन, तीन या साऱ्या शक्यता एकत्र नांदतात. या स्थितीत सापळा बंद करून अणू मोकळे सोडले, तर पट्ट्यापट्ट्यांचं सुबक व्यतिकरण-चित्र दिसतं.

मग त्यांनी जाळी एकदम खोल केली. अणूंना एका खळग्यातून दुसऱ्यात जाता येईना. चित्र पुसट होत गेलं आणि नाहीसं झालं. इथेच थांबलो असतो तर आपण म्हणालो असतो, विसरला वायू. पण आणखी थोडं थांबल्यावर, साधारण अर्ध्या मिलिसेकंदाने, चित्र परत आलं. पुन्हा गेलं, पुन्हा आलं.

यामागचं गणित सोपं आहे. एका खळग्यातल्या अणूंची ऊर्जा त्यांच्यात किती जोड्या होतात यावर ठरते. एक अणू असेल तर जोडी शून्य, दोन असतील तर एक, तीन असतील तर तीन, चार असतील तर सहा. आता या शक्यता म्हणजे गोल मैदानावर धावणारी मुलं समजा. ठरावीक वेळात एकाची शून्य फेरी होते, दुसऱ्याची एक, तिसऱ्याच्या तीन, चौथ्याच्या सहा. मधल्या वेळात बघाल तर मुलं मैदानभर विखुरलेली, कसलाही ताळमेळ नाही. पण प्रत्येकाच्या फेऱ्या पूर्णांकात आहेत, म्हणून ती वेळ भरली की सगळे एकदम आरंभरेषेवर हजर.

म्हणजे पहिला धडा असा, की विस्कटलेलं दिसणं आणि विसरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

कॅरमबोर्ड आणि खाच

तुम्ही म्हणाल, ही सोपी केस झाली, खळगे एकमेकांपासून तुटलेले होते. अणू एकमेकांवर आदळत राहिले तर? टकरींनीच तर सरमिसळ होते.

कॅरमचा फोड आठवा. स्ट्रायकर एका दिशेने जातो, सोंगट्या चहूकडे उधळतात. एका ठिकाणची गती सगळ्या दिशांना वाटली जाते. खोलीतल्या हवेतही हेच होतं, म्हणून तिला एक तापमान असतं.

आता सोंगट्या एका अरुंद, सरळ खाचेत ठेवा, पुढे-मागे सरकता येईल पण बाजूला वळता येणार नाही अशा. दोन सारख्या सोंगट्या समोरासमोर आल्या, एकीचा वेग उजवीकडे ५, दुसरीचा डावीकडे ३. टकरीनंतर संवेगही तेवढाच राहिला पाहिजे आणि ऊर्जाही. दोन्ही अटी पाळणारं उत्तर एकच: वेगांची अदलाबदल. पहिली ३ ने डावीकडे, दुसरी ५ ने उजवीकडे. म्हणजे टकरीआधी ५ आणि ३ होते, नंतरही ५ आणि ३ च. हजार टकरी झाल्या तरी यादी तीच, फक्त मालक बदलले.

२००६ मध्ये पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठात तोशिया किनोशिता, ट्रेव्हर वेंगर आणि डेव्हिड वाइस यांनी हीच खाच प्रकाशाने बनवली. एकमेकांना समांतर अशा अनेक बारीक नळ्या, प्रत्येकीत ४० ते २५० रुबिडियमचे अणू. प्रकाशाच्या झटक्याने प्रत्येक नळीतले अर्धे अणू एकीकडे आणि अर्धे दुसरीकडे फेकले. सापळा त्यांना मागे खेचतो, ते मध्यभागी आदळतात, पलीकडे जातात, परत येतात. टेबलावर ठेवायचं ते टकटक करणाऱ्या गोळ्यांचं खेळणं असतं ना, न्यूटनचा पाळणा, तसंच. त्यांच्या निबंधाचं शीर्षकही तेच होतं, क्वांटम न्यूटनचा पाळणा.

मोकळ्या, त्रिमितीय सापळ्यात हे केलं तर मोजक्या टकरींतच सगळं एकजीव होऊन जातं. नळ्यांमध्ये मात्र हजारो टकरींनंतरही वेगांची वाटणी उष्णतेच्या नेहमीच्या घंटाकृती आलेखासारखी झाली नाही. सुरुवात कशी केली होती, हे अणूंकडे बघून अजूनही सांगता येत होतं.

यातली मेख समजून घेऊ. दोन कणांच्या टकरीत वेगांची यादी टिकते हे शाळेतलं गणित झालं. पण तीन अणू एकदम भिडले तर यादी बदलायला हरकत नसावी. तरीही ती टिकते, याचं कारण १९६३ सालच्या एका गणितात आहे. एलियट लीब आणि वेर्नर लिनिगर यांनी एका रेषेतल्या, फक्त स्पर्श झाल्यावर ढकलणाऱ्या कणांचं समीकरण अचूक सोडवलं होतं. त्यात कितीही कणांची टक्कर शेवटी दोन-दोनच्या टकरींत मोडते. परिणामी अशा वायूत ऊर्जा आणि संवेग यांखेरीज आणखी असंख्य राशी कायम राहतात.

सर्वसाधारण वायू एक ऊर्जा जपतो, म्हणून त्याला एक तापमान पुरतं. हा वायू जितक्या राशी जपतो तितके आकडे त्याच्या वर्णनाला लागतात. मार्कोस रिगोल आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये याचा रीतसर नियम मांडला. २०१५ मध्ये व्हिएन्नात यॉर्ग श्मिडमायर यांच्या गटाने दुभागलेल्या एकमितीय वायूत असं वर्णन मोजूनही दाखवलं: एका तापमानाने काम भागेना, अनेक लागली.

या आश्चर्याला एक पूर्वजही आहे. १९५० च्या दशकात लॉस अलामॉसला फर्मी, पास्ता, उलाम आणि मेरी त्सिंगू यांनी मॅनिअॅक या संगणकावर स्प्रिंगांनी जोडलेल्या वजनांची साखळी हलवून पाहिली. प्रोग्रॅम त्सिंगूंनी लिहिला होता. ऊर्जा सगळ्या कंपनांत वाटली जाईल अशी अपेक्षा होती. ती थोडी वाटली गेली आणि काही काळाने जवळपास सगळी पहिल्या कंपनात परत आली. संगणकाने केलेल्या अगदी पहिल्या-पहिल्या 'प्रयोगां'पैकी एकानेच पाठ्यपुस्तकाला विचारात पाडलं होतं.

मग बाकीचे कसे विसरतात?

खाचेतल्या अणूंचं न विसरणं समजलं. आता मूळ कोडं उरतं: साधारण प्रणाली विसरल्यासारखी वागते ती का, जर समीकरण काहीच पुसत नसेल?

समजा एक पत्र आहे. ते जाळलं तर मजकूर गेला. पण न जाळता त्याचे बारीक तुकडे करून गावातल्या प्रत्येक घरी एक तुकडा दिला, तर मजकूर गावातच आहे, तरी कुठल्याही एका घरात तो वाचता येत नाही. बंद क्वांटम प्रणालीत असंच होतं. अणू एकमेकांत गुंतत जातात, याला एंटँगलमेंट म्हणतात, आणि सुरुवातीची माहिती त्या गुंत्यात पसरते. आपली उपमा इथे थोडी कमी पडते हेही सांगायला हवं. कागदाच्या तुकड्यावर निदान दोन अक्षरं तरी असतात. क्वांटम तुकड्यावर बहुधा तेवढंही नसतं, सगळा मजकूर तुकड्यांच्या आपसातल्या संबंधांत असतो.

हे नुसतं बोलणं नाही. २०१६ मध्ये हार्वर्डला ग्राइनर यांच्या गटाने सहा खळग्यांत सहा अणू ठेवले आणि शेजारीच त्याची हुबेहूब दुसरी प्रत केली. झटका दिला, थोडा वेळ जाऊ दिला, मग दोन्ही प्रतींचं व्यतिकरण करून अवस्था किती शुद्ध उरली ते मोजलं. सहा अणू एकत्र बघितले तर अवस्था जवळजवळ पूर्ण शुद्ध, म्हणजे काहीही हरवलेलं नाही. पण एक-दोन खळगेच बघितले तर तिथे एन्ट्रॉपी वाढलेली, आणि अणूंची संख्या मोजली तर तापलेल्या वायूत मिळावी तशीच. अख्खी प्रणाली आठवण ठेवते, तिचा प्रत्येक भाग विसरतो. लोश्मिट यांच्या आक्षेपाला सहा अणूंनी दिलेलं हे उत्तर आम्हाला फार आवडतं.

हे भाग नेमके तापल्यासारखेच का दिसतात, याची कल्पना जोश डॉइच यांनी १९९१ मध्ये आणि मार्क श्रेडनिकी यांनी १९९४ मध्ये मांडली: पुरेशा गुंतागुंतीच्या प्रणालीची एकेक ऊर्जा-अवस्थाच आतून औष्णिक असते. रिगोल, डुंको आणि ओलशानी यांनी २००८ मध्ये संगणकावर ती तपासली. सर्वसाधारण सिद्धता मात्र अजून कुणाकडे नाही.

मधली माणसं

आतापर्यंत दोन टोकं पाहिली, एक विसरणारं आणि एक न विसरणारं. खरी गंमत मध्ये आहे.

२०१८ मध्ये स्टॅनफर्डला बेंजामिन लेव्ह यांच्या गटाने न्यूटनचा पाळणा डिस्प्रोझियमने केला. हे अणू जोरदार चुंबक असतात, म्हणून स्पर्श न होताही एकमेकांना ओढतात-ढकलतात. बाहेरच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा बदलली की हा परिणाम कमी-जास्त होतो. जणू 'किती लवकर विसरायचं' याचं बटणच हाती आलं. त्यांना दोन टप्पे दिसले: आधी झटपट एक तात्पुरता ठराव, आणि मग खूप सावकाश खरा समतोल. तात्पुरत्या ठरावाचा पायंडा व्हिएन्नाच्या गटाने २०१२ मध्येच दाखवला होता. तिथला दुभागलेला वायू स्थिर झालेला दिसत होता, पण त्याचं भासणारं तापमान खऱ्यापेक्षा बरंच कमी होतं.

आणखी एक नमुना २०१७ चा. हार्वर्डच्याच दुसऱ्या एका गटाने ५१ अणू प्रकाशाच्या चिमट्यांनी एका ओळीत धरले. एकाआड एक अणू उत्तेजित करून सुरुवात केली, तर ओळ बराच काळ मूळ नक्षीकडे परत परत येत राहिली. तीच ओळ दुसऱ्या बऱ्याचशा सुरुवातींपासून निघाली तर चटकन विसरते. म्हणजे विसरणं हा काही वेळा वस्तूइतकाच सुरुवातीचाही गुण असतो.

हे सगळं कशाला, असा प्रश्न रास्त आहे. ५० अणू घ्या, प्रत्येकाच्या दोनच अवस्था. एकूण शक्यता दोनाचा पन्नासावा घात, म्हणजे एकावर पंधरा शून्यांच्याही थोडं वर. प्रत्येक अणू वाढला की हा आकडा दुप्पट. नेहमीच्या संगणकाला असा झटका काही काळापलीकडे तंतोतंत मागोवता येत नाही, सापळ्यातल्या अणूंना येतो, कारण ते तेच करत असतात. दुसरं म्हणजे क्वांटम संगणकाचा सगळा जीव आठवण टिकण्यात आहे. आठवण कुठे, किती वेगाने विखुरते हे कळल्याशिवाय ती राखता येणार नाही. आणि तिसरं, २०१६ मध्ये दोन गटांनी स्वतंत्रपणे असंख्य राशी जपणाऱ्या वायूंसाठी प्रवाहाची नवी समीकरणं लिहिली. २०२१ मध्ये वाइस यांच्या प्रयोगशाळेत ती एकमितीय वायूच्या जोरदार धक्क्यांनाही लागू पडली. नळातल्या पाण्याला जशी समीकरणं आहेत तशी आता या हट्टी वायूलाही मिळाली.

श्रोत्यांचे प्रश्न

*प्रश्न: सर, म्हणजे उष्मागतिकीचा दुसरा नियम मोडला का?*

नाही. पाळण्यातल्या अणूंची एन्ट्रॉपी कमी होत नाही, ती फक्त नेहमीच्या कमाल पातळीला पोचत नाही, कारण जपलेल्या राशी वाट अडवतात. शिवाय "कधीच विसरत नाही" असं म्हणायचा अधिकार प्रयोगाला नाही. काही वेळाने अणू सापळ्यातून गळतात, लेसरचा प्रकाशही त्यांना थोडं तापवतो. "बघत होतो तोवर विसरले नव्हते" एवढंच म्हणता येतं, आणि तेवढंही पुष्कळ आहे.

*प्रश्न: ते फाटलेलं पत्र आपोआप पुन्हा जुळेल का?*

मर्यादित, बंद प्रणालीत तत्त्वतः हो. पण अणू वाढतील तशी वाट बघण्याची वेळ भयंकर वाढते. थोड्या शेकड्यांतच विश्वाचं वय अपुरं पडेल. म्युनिकचे खळगे अर्ध्या मिलिसेकंदात जुळले, कारण प्रत्येकात मोजकेच अणू होते आणि फेऱ्या पूर्णांकात होत्या.

*प्रश्न: आपल्याकडे असं काही चालतं का?*

चालतं. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आणि पुण्यात आयसरमध्ये थंड अणूंच्या प्रयोगशाळा आहेत. पुण्याच्या गटाने रुबिडियमच्या अणूंना लेसरचे ठरावीक झटके देऊन, आणि मग त्या झटक्यांच्या क्रमात मुद्दाम अनियमितपणा आणून, क्वांटम सुसंगती कशी ढळते ते पाहिलं. तो निबंध २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. आज आपण जे विचारत होतो त्याचाच हा सख्खा भाऊ.

तर मागच्या वेळच्या श्रोत्यांना आमचं दुरुस्त उत्तर असं: बहुतेक गोष्टींचे भाग समतोलाला येतात, अख्खी बंद प्रणाली काहीच विसरत नाही, आणि काही प्रणालींचे तर भागसुद्धा फार उशिरा विसरतात. एका "हो"पेक्षा हे लांबलचक आहे खरं. पुढच्या वेळी अणूंच्या मार्गात मुद्दाम खडबडीतपणा पेरला तर काय होतं, ते पाहू. तिथे तज्ज्ञांमध्येही अजून भांडण चालू आहे, तेव्हा प्रश्न घेऊन या.